हळदाबाई पोचल्याची खबर

न्हाई, बसत न्हाई मी, बसायला वख्तच न्हाई, ग्यानोबा, तू तेवढा माझा विळा घे, भट्टीत घाल, दोन घन मार, धार लाव आन् सोड मला, घरी अंगन पडलंय... आता हसायला काय झालं? तुमी समदे भात्यापुढं हात शेकत बसलेले, तुमाला काय, तुमची अंगनं तुमी उठायच्या आंदीच झाडून झालेली असत्यात! माझं अंगन, तुमाला सांगतो, एकोनीस दिवस अर्धं झाडलेलं व्हतं. अर्धं! दारापासून बाभळीपत्तोर चकचकीत, ताट मांडून जेवावं असं, आन् बाभळीपासून गोठ्यापत्तोर पाला, शेन, कडबा, पिसं, समदं जसंच्या तसं. का म्हनून इचारा की! एका बदकापायी.

हां, हसा. शरणप्पा बी असाच हसला. आमचा शेजारी हो, कुंपनावरून मान काढायची लई खोड त्याला. मान काढली आन् म्हनला, "व्यंकटराव, एवढं त्वांड पाडून काय बसलाव, बदक तर व्हतं! मानूस थोडंच गेलंय?" बदक तर व्हतं! बराबर हाय त्याचं. मी कुठं म्हनलं हत्ती व्हता? पर मुळापासून आईकल्याबिगर तुमाला बी कळायचं न्हाई, आन् मला तर घाई हाय... बरं, विळा लाल होईस्तोवर सांगतो.

गेल्या सालचा भादवा. आमच्या तळ्याच्या पाळीवर गवत कापून राहिलो व्हतो, ह्योच विळा, ह्योच बरं का ग्यानोबा, तूच धार लावून दिलता, आन् लई ग्वाड धार लावली व्हतीस बाबा! गवताचा झुपका मुठीत धरला, खसकन वढला, तर खालून भर्रकन बदक उडालं, मी मागच्या मागं चिखलात, उठून बघतो तर घरटं. सहा-सात अंडी, आन् विळा समद्यांतून गेलेला. एक राह्यलं व्हतं. दुसरा कोनी असता तर पुढं कापत गेला असता का न्हाई? पर मला काय झालं कोन जाने, ते अंडं पटक्याच्या शेवात बांधलं आन् घरी आनलं. ती बदकीन माझ्या डोक्यावरून दोन फेरे मारून गेली. ते फेरे मला अजून आठवत्यात.

आमच्या कस्तुरानं, म्हंजे घरातलीनं, ते खुडूक कोंबडीखाली ठिवलं. आता कोंबडीला काय ठाव बदकाचं अंडं जास्ती दिवस घेतं? तिचे एकवीस झाले, वरचे दोन तिनं भलेपनानं दिले, आन् तेविसाव्या दिवशी उठली, पंख झाडले आन् गेली उकिरड्यावर, वळूनसुदिक बघितलं न्हाई! कस्तुरा म्हनली, "नासकं हाय, टाका भाईर." मी हात लावनार, तेवढ्यात ते तारानं उचललं.

तारा म्हंजे माझी धाकटी बहीन. तारामती. चौदाव्या वर्साला आमी तिचं लगीन करून दिलं, आन् पंधराव्या वर्साला मोकळं कपाळ घिऊन ती परत आमच्या दारात आली. अकरा सालं झाली त्याला. बोलनं कमी, कामाला वाघीन. दळन म्हना, पानी म्हना, गोठ्यातलं शेन म्हना, सारवनं म्हना, समदं तिच्याकडं. एक सोडून. अंगनात झाडू मारायचा न्हाई. झाडूकडं बघायचंच न्हाई! अकरा साल कस्तुरा माझं डोकं खाऊन राहिली, "वन्सं समदं करत्यात, मंग झाडू तेवढा माझ्याच कपाळी का वो? त्याला काय काटे हायत?" मी म्हनायचो, आसल बाई, असतो एकेकाचा सोभाव, सोड. सोड म्हनायला काय लागतं? इचारायला लागतं, ते मी अकरा साल केलं न्हाई.

तर तारानं ते अंडं वटीत घेतलं. लुगड्याच्या वच्यात, पोटाशी, कापूस लावून. पाच दिवस ते घिऊन फिरली. वाकायचं न्हाई, दळायचं न्हाई, खेपंला जायचं न्हाई, कस्तुराचा पारा छपराला लागलेला! सहाव्या दिवशी मी दारात तंबाखू मळून राहिलो व्हतो, आन् आतून हाक आली, "दादा! आत टकटक करून राहिलंय, दादा!" तुमाला सांगतो, अकरा सालात तिचा आवाज पहिल्यांदा उंबऱ्याच्या भाईर आला. तंबाखू सांडली माझी.

मंग काय इचारता! पिल्लू तारामागं, तारा जिथं जाईल तिथं. चुलीपाशी तर चुलीपाशी, गोठ्यात तर गोठ्यात. त्या पिल्लाला पानी दावायला तळ्यावर नेलं तर बाईसाहेब काठावर तारापाशी बसून! शेवटी मला पान्यात उतरवलं. मला पवता येत न्हाई, मी कमरंएवढ्या पान्यात थरथर कापतोय, धुनं धुनाऱ्या बाया बघून राहिल्यात, आन् मी हात पसरून, "आव आव, आव आव, ये गं बाय, अशी ये, असे पाय मार..." बदकाला पवायला शिकिवलं मी! हाय का कोनी दुसरा ह्या मुलखात?

वरीस व्हायच्या आत तिच्या चोचीच्या टोकाला पिवळं जर्द आलं, आन् कपाळापाशी दोन लाल टिकल्या. त्या बदकाचं नावच मुळी हळदी-कुंकू बदक, जातच तसली. म्हनून आमची हळदाबाई. एकदा तारा तिला मांडीवर घिऊन कुरवाळून राहिली व्हती, त्या टिकल्यांवरून बोट फिरवून राहिली व्हती, आन् म्हनली... मी आईकलं, मला आईकायचं नव्हतं, पर आईकलं... म्हनली, "तुझं बरं हाय गं. तुझं कोनी पुसू शकत न्हाई." मी उठलो आन् बैलाला पानी पाजायला नेलं. बैल आत्ताच पानी पिऊन आलता. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं.

एकच खोट व्हती हळदाबाईत. मानसाचं भ्या न्हाई. कोनी बी हाक मारावी, ही त्याच्या पायात. पंख फुटल्यावर दिवसभर तळ्यावर जायची, सांजच्याला घरी. आन् थंडीत तळ्यावर बंदुका घिऊन कोनी ना कोनी साहेब यायचाच. ताराच्या जिवाला तेवढाच घोर, "दादा, हिला बंदूकवाल्यानं हाक मारली तर ही त्याच्याकडं बी जाईल." मी म्हनायचो, काळा दोरा बांध पायात. बांधला. काळ्या दोऱ्यानं छर्रा थांबतो व्हय? पर बांधला.

आन् ह्या मार्गशीर्षात, एका सकाळी, कस्तुरा अंगन झाडून राहिली व्हती. बाभळीपत्तोर आलती. वरून पाच-पंचवीस बदकांचा थवा गेला, कलकल करत. हळदाबाई गोठ्याच्या छपरावर. तिनं मान वर केली, एकदा वरडली आन् उडाली. तारा चुलीपासून पळत आली, हात पिठानं भरलेले, "आव आव! आव आव!" हळदाबाईनं घरावरून एक फेरा मारला. एकच. आन् गेली उगवतीकडं.

आमी तिघं वर बघत हुभे. आता कस्तुरा कामाची बाई, किती वेळ बघनार? तिनं खाली वाकून झाडू मारला, आन् तारा अशी वरडली, अशी वरडली, की गोठ्यात म्हैस उठून हुभी राह्यली! "थांबा वयनी! कोनी गावाला निघालं की पाठोपाठ झाडत न्हाईत!"

कस्तुरा म्हनली, "आवो वन्सं, ते गावाला कुठं गेलं? उडून गेलं! बदक तर व्हतं!"

"पोचल्याची खबर आल्याबिगर झाडायचं न्हाई."

खबर! बदकाची! तुमीच सांगा, बदक खबर देनार कशी? मुदखेडच्या टेसनात जाऊन मास्तरला म्हननार, मास्तर, एक तार लिवा, खुशाल पोचले, काळजी नसावी, हळदाबाई? मी हे तारापुढं बोललो बी. हसंल म्हनून बोललो. ती नुसती बघत राह्यली माझ्याकडं, आन् मला माझीच लाज वाटली.

झालं. तवापासून अंगनाचे दोन मुलूख झाले. बाभळीच्या अलीकडं कस्तुराचं राज, पलीकडं ताराचं, मधी जकात घेनारा करोडगिरीचा नाका असल्यावानी! कस्तुरा रोज अलीकडचं झाडायची, दात-ओठ खात, आन् बाभळीपाशी आली की झाडू उचलून आत. मान्सं यायची ती बघून पाय टाकायची. शरणप्पा म्हनला, "मुदखेडच्या बाजारातून दुसरं आनून देतो, पांढरं, घरचं, ते उडतच न्हाई!" तारानं हात जोडले आन् आत गेली. दिवसभर ती गोठ्याच्या भिंतीला टेकून उगवतीकडं बघायची. भाकर अर्धी. मंग चतकोर. बोलनं तर पुन्हा उंबऱ्याच्या आत गेलं, जिथून आलतं तिथंच.

आन् मी? मला काय झालतं? मी बरा व्हतो. बदक तर व्हतं! फकस्त सांज झाली की माझ्या त्वांडातून आपसूक "आव आव" निघायचं. एकदा जेवताना निघालं. एकदा तर पटवाऱ्याच्या म्होरं निघालं, तो उर्दूत काहीतरी समजावून सांगत व्हता, मी म्हनलं "आव आव", तो उठून जवळ आला! बरा व्हतो मी.

सतराव्या दिवशी मात्र माझं दिमाग फिरलं. म्हनलं, बास झालं, घर हाय का धर्मशाळा! सकाळी उठलो, कोपऱ्यातला झाडू उचलला आन् गेलो बाभळीपलीकडं. पहिला झपाटा मारनार, तर मागून माझं मनगट कोनीतरी धरलं. तारानं. एवढुशी पोर, पर अशी पकड, की बोटं उमटली.

म्हनली, "दादा, नगं. त्या दिवशी बी मी असंच झाडलं व्हतं."

म्हनलं, कोन्या दिवशी गं?

म्हनली, "ते नांदेडला निघाले त्या दिवशी."

तिचा नवरा हो. कापसाची गाडी घिऊन नांदेडला गेलता, तिकडं पटकीची साथ व्हती, तिसऱ्या दिवशी खबर आली, तिकडंच गोदावरीकाठी समदं उरकलेलं. एवढं आमाला ठाव व्हतं. पर ठाव नव्हतं ते हे, की त्या सकाळी गाडी वेशीपत्तोर गेली नव्हती आन् ह्या पोरीनं, सासूनं कामाची म्हनावं म्हनून, समदं अंगन झाडून काढलं व्हतं. लखलखीत. आन् खबर आली तव्हा सासू भरल्या मान्सांत म्हनली, "नवरा भाईर पडला आन् हिनं पाठीमागं झाडू मारला, माझ्या लेकराची परतायची वाटच पुसून टाकली हिनं." पंधरा वर्साची पोर! आमाला कोनी सांगितलं न्हाई. आन् तिनं बी न्हाई. अकरा साल.

ग्यानोबा, भाता मार, भाता मार, थांबू नगस. धूर गेला डोळ्यात.

मी म्हनलं, "तारे, पटकी काय झाडूनं येती व्हय गं?" ती म्हनली, "मला कळतं दादा. समदं कळतं. पर हात उचलत न्हाई." मी झाडू कोपऱ्यात ठिवला. कस्तुरा दारात हुभी, तिनं समदं आईकलेलं. आत गेली आन् पातेल्यांचा लई आवाज करत राह्यली, कारन नसताना.

दुसरा दिवस मी नुसता इचार करन्यात घालवला. आन् एकोनिसाव्या दिवशी पहाटंच उठलो, भाकर बांधली आन् मुदखेडला येऊन उगवतीला जानारी हिमायतनगरची गाडी धरली. कस्तुरानं दोन भाकरी जास्ती घातल्या. गाडीत टिकटवाला आला, म्हनला, "कां चले पटेल?" म्हनलं, हिमायतनगर. "क्या काम निकाले?" म्हनलं, बतक देखने कू. "कायकी बतक?" म्हनलं, घर की थी, उड के गई. त्यानं माझ्याकडं डोक्यापासून पायापत्तोर बघितलं, टिकट परत दिलं आन् म्हनला, "फिर टिकट कायकू निकाले? उसके पिच्छू उड के जाना था ना!" समदा डबा हसला. मी बी हसलो. काय करनार!

तिकडं उगवतीच्या बाजूला एक मोठं तळं हाय, ते इचारत इचारत गेलो. एक भोई जाळं वाळवत बसलेला. त्याला म्हनलं, हळदी-कुंकू बदकं येत्यात का हितं? म्हनला, "येत्यात की, ती बघा मधी. काल जरा कमी झाली, काल साहेब आल्ते बंदुका घिऊन, मारली सात-आठ." सात-आठ! त्यांतली पहिली कोन असंल? जी हाक मारली की येती तीच ना? म्हनलं, बाबा, त्यांतल्या कुना एकीच्या पायात काळा दोरा व्हता का? तो म्हनला, "मी काय बदकांचे पाय बघतो व्हय?" बराबर हाय, कोन बघतं?

पान्यावर चाळीस-पन्नास हुभ्या आडव्या तरंगत व्हत्या. समद्यांच्याच चोचीला हळद, समद्यांच्याच कपाळाला कुंकू! वळखायची कशी? मंग मी कमरंएवढ्या पान्यात उतरलो, पौषाची थंडी, आन् हात पसरून, "आव आव! हळदाबाई, आव आव! मी हाय गं, मी!" भोई जाळं टाकून हुभाच राह्यला. घसा बसंस्तोवर हाका मारल्या. आन् त्या समद्या, एकूनएक, मला बघून पान्याच्या पार मधी निघून गेल्या. एकीनं मान वळवली न्हाई. एकीनंसुदिक!

परत येताना गाडीत मी लबाडी जुळवून राहिलो व्हतो. असं सांगायचं, तसं सांगायचं, दिसली, वळखली, हातातून दाना खाल्ला, काळा दोरा व्हता, अंगानं भरली. चार टेसनं घोकली. आन् घरी आलो तर तारा बाभळीखाली बसलेली. तिनं वर बघितलं, आन् माझं समदं घोकलेलं गेलं वाऱ्यावर.

"दिसली, दादा?"

म्हनलं, न्हाई. म्हंजे दिसली बी असंल. पन्नास व्हत्या, समद्या सारख्या.

"पायातला दोरा?"

म्हनलं, पान्यात पाय दिसत्यात व्हय गं?

"हाक मारली?"

म्हनलं, मारली. किती मारली. एक बी आली न्हाई, तारे. मानूस बघून समद्या लांब पळाल्या.

आता ही रडनार, म्हनून मी खाली बघत बसलो. बंदुकीचं बोललो न्हाई, ते माझ्याच्यानं झालं न्हाई. ती म्हनली, "मानसाला भ्याल्या?"

म्हनलं, हाव.

"तुझ्या हाकंला बी?"

हाव.

"मंग पोचली, दादा. तिला भ्यायला आलं. पोचली ती."

आन् उठली. पदर खोचला. कोपऱ्यात गेली आन् झाडू हातात घेतला. अकरा सालानं! कस्तुरा दारात आली, काहीतरी बोलनार, मी हातानंच गप केलं. तारानं बाभळीपासून झाडायला घेतलं. पहिले चार-सहा झपाटे वाकडेतिकडे गेले, मंग सरळ पडाया लागले. पाला, कडबा, पिसं, समदं लोटत गोठ्यापत्तोर गेली. सांज व्हती, दिवा लागायच्या आत झाडून झालं. मंग त्या झाडलेल्या अंगनात मधोमध बसली आन् रडली. मोठ्यानं. कस्तुरा जाऊन तिच्यापाशी बसली, आन् मी? मी गोठ्यात गेलो. बैलाला पानी पाजायला.

बदक व्हतं का दुसरं काय व्हतं, मला सांगता येत न्हाई. पोचली का न्हाई ते बी देवाला ठाव. त्या सात-आठांत... जाऊ द्या. ते मी हितं भट्टीपुढं बोललो, तिकडं कोनी बोलायचं न्हाई. शरणप्पाच्या कानावर तर जाऊच देऊ नका.

आन् तुमाला वाटंल संपलं! कुठलं संपतं! आता अंगन रोज ताराच झाडती. कस्तुरा खूश. पर अट घातलीया. मी वावरात गेलो काय, मुदखेडला आलो काय, मी माघारी आल्याबिगर झाडू उचलायचा न्हाई! मी म्हनलं, "तारे, मी काय बदक हाय का?" तर कस्तुरा, जी अकरा साल झाडूवरून भांडली, तीच पुढं हून म्हनली, "तुमी गप बसा, वन्सं म्हनत्यात ते बराबर हाय!" पहाटं निघालोय मी, दुपार झाली. तिकडं समदा कचरा तसाच, आन् दोघी दारात बसल्या असत्याल, मधी झाडू ठिवून.

दे ग्यानोबा, विळा दे. झाली धार? बघू... लई ग्वाड झाली बाबा, जरा बोथट कर, गवतात कोन बसलं असंल सांगता येत न्हाई. हां, आता बराय. येतो मी. पंख फुटलेली गेली, तिला कोनी इचारलं न्हाई, आन् मी हितं घडीभर बसलो तर घरादाराचा कचरा माझ्यापायी खोळंबलाय!